बी.एस्सी. करून काय होते, मॅडम?

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये उमरेडहून एक वडील मुलीला घेऊन नागपूरच्या धरमपेठेत माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले. ते कोळसा खाणीत डंपर चालवतात. मुलीचा नीटचा दुसरा प्रयत्न हुकला होता. बसल्या बसल्याच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा हिले. अजून एक वर्ष दे म्हणतो, तं बी.एस्सी. करतो म्हणते. बी.एस्सी. करून काय होते? माह्या साळ्याचा पोरगा चार वर्षांपासून नुसते फॉर्म भरून राहिला."

ही काळजी मी दर जूनमध्ये ऐकते, आणि ती पोकळ नाही. आधी आम्ही नीटचे गुण कागदावर मांडले. 720 पैकी पहिल्या वेळी 318, वर्षभर क्लास लावून दुसऱ्या वेळी 341. तिसऱ्या प्रयत्नाला माझा सरसकट विरोध नसतो. शंभरेक गुणांनी वर चढलेल्या मुलांना मी स्वतः अजून एकदा बस म्हटलं आहे. इथे 23 गुणांपायी पोरीची झोप उडाली होती. वडील बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले.

"बी.एस्सी. कशात?" मी विचारलं.

"जिऑलॉजी."

म्हणजे भूविज्ञान, दगड-खडकांचा अभ्यास. पुढचं वडीलच तक्रारीच्या सुरात बोलले. खाणीतून त्यांनी एकदा पानाचा ठसा असलेला दगड घरी आणला होता. तेव्हापासून अंगणात दगडच दगड. पानाचं नाव तिला ठाऊक होतं: ग्लॉसोप्टेरिस. ज्या जंगलांचा आपल्याकडे कोळसा झाला, त्यातलं हे झाड, 25 कोटी वर्षांहून जुनं.

एवढ्यावर मी हो म्हटलं नाही. दगड गोळा करणं वेगळं, स्फटिकांची सममिती घोकणं आणि खडकाचा पातळ काप तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली बघणं वेगळं. आठ दिवस निर्णय नको, आधी एखाद्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलींची प्रॅक्टिकलची वही बघून ये, असं तिला सांगितलं. वडिलांना दुसरं काम दिलं: नोकरीच्या जाहिरातीतली पात्रतेची अट वाचायची आणि तिथून मागे मागे यायचं.

मागे येताना त्यांना साळ्याच्या मुलाची अडचण कळली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेत जिऑलॉजिस्ट पदाला एम.एस्सी. लागते, नुसती बी.एस्सी. चालत नाही. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेच्या सात विषयांपैकी जिऑलॉजी एक. पण पदवीला हा विषय घेतलेला नसेल तर बहुतेक ठिकाणी जिऑलॉजीच्या एम.एस्सी.चं दार बंद. म्हणजे पहिल्याच वर्षी कॉलेजात हा विषय आहे का, हे बघायचं. कॉलेज घराजवळ आहे का, हे नंतर. काही ठिकाणी बारावीला गणितही लागतं. हिने जीवशास्त्रासोबत गणित सोडलं नव्हतं, ते बरं झालं. कितीतरी मुली अकरावीतच ते टाकून येतात आणि मग मला वाईट वाटतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, भारतीय खाण ब्युरो, खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल आणि कोळसा काढणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) यांची मुख्यालयं, सगळं नागपुरातच आहे. खाणीवर येणारे जिऑलॉजिस्ट साहेब वडिलांनी पाहिले होते. त्यातले बरेचसे बी.एस्सी., एम.एस्सी. करूनच तिथे पोचतात, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी दुसरी बाजूही सांगितली. सरकारी जागा थोड्या असतात, आणि खनिजांच्या किंवा भूजलाच्या कामात महिनोन्‌महिने रानात राहावं लागतं. पोरीला पाठवाल का? ते मुलीकडे बघून म्हणाले, "हे मले विचारू नका, तिलेच विचारा."

आठ दिवसांनी ती वही बघून आली. अवघड आहे, पण करतो, म्हणाली.

आता ती तिसऱ्या वर्षाला जाणार आहे. गेल्या महिन्यात दोघं पुन्हा आले, या वेळी प्रश्न तिचा होता: तीन वर्षांची पदवी घेऊन जॅम द्यायची की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं? ऑनर्सनंतर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर 2022च्या यूजीसी नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. पण एक वर्षाची एम.एस्सी. तिला हवी त्या संस्थेत आहे का, हे आधी बघायला सांगितलं. तोवर जॅमची तयारी सुरू ठेवायची. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज आदल्या वर्षीच भरायचा. वडिलांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं.