‘पुढे काय?’ची तारीख

फेब्रुवारीत, द्राक्षांची तोड ऐन भरात असताना, दिंडोरी तालुक्यातली एक मुलगी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आली. वय चोवीस. पुण्यात नाट्यशास्त्रात एम.ए. करत होती, शेवटच्या वर्षाला. (तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसता बसताच म्हणाली, “मॅडम, मला आळस आलाय. तो घालवून द्या.”

आळशी माणूस आळस घालवायला दोन बस बदलून येत नाही. म्हणून मी आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. तिचं उत्तर ठाम ‘नाही’ होतं. ते वेगळं असतं तर नाटकाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. ज्यांना असे विचार येतात त्यांनी माझा लेख वाचत बसू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

तिच्या शेवटच्या वर्षात तीन कामं होती: स्वतःचं दोन अंकी नाटक लिहिणं, एका प्रयोगात भूमिका करणं आणि शाळेतल्या मुलांबरोबर नाट्यशिबिर घेऊन त्याचा अहवाल देणं. भूमिका झाली होती, शिबिर झालं होतं. नाटक मात्र पहिल्या प्रवेशाच्या पुढे सरकत नव्हतं. तो प्रवेश तिने अकरा वेळा लिहिला होता. संहिता द्यायची मुदत डिसेंबरात उलटून गेली होती आणि घरी कुणालाच हे माहीत नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, पोरगी लिखाणासाठी सुट्टी घेऊन आलीय. वडील, म्हणजे तिचे नाना, रोज रात्री जेवताना एकच विचारायचे: “मग, पुढे काय?”

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून कितीतरी घरांतून येतो. मुलगा नाटकात पदव्युत्तर शिक्षण घेतोय, मुलीला अभिनयातच करायचंय, पोट कसं भरणार? पालक घाबरलेले असतात, मुलं चिडलेली असतात. या मुलीचं थोडं वेगळं होतं. ती चिडलेली नव्हती. तिला हा प्रश्न बरोबरच वाटत होता.

दुसऱ्या भेटीत ती वही घेऊन आली. मी म्हटलं, वाचून दाखव. नाटक मुलगी आणि बाप यांच्यातलं. बापाची वाक्यं आली की तिचा आवाज खाली उतरायचा, खांदे रुंद व्हायचे, डोक्यावरची नसलेली टोपी ती दोन बोटांनी मागे सारायची. माझ्या खोलीत एक शेतकरी येऊन बसला. मुलीची वाक्यं आली की तीच मुलगी हजेरी घेतल्यासारखी सपाट वाचायची. मी वही हातात घेतली. त्या प्रवेशात बापाची सतरा वाक्यं होती, त्यांतली सोळा प्रश्नचिन्हाने संपत होती. समासात तिच्या मार्गदर्शकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘हा प्रवेश आहे की उलटतपासणी?’

तिला तो अपमान वाटला होता. मला ती टीप फार मोलाची वाटली. ती नाटक लिहीतच नव्हती, नानांना उत्तर लिहीत होती. आणि ‘पुढे काय?’चं उत्तर कुठलाच पहिला प्रवेश देऊ शकत नाही. म्हणून तो अकरा वेळा फाटला.

शिबिराचं मी सहज विचारलं. ते तिच्या लेखी पोटापाण्याचं, दुय्यम काम होतं. सांगायला लागली आणि खुर्चीत पुढे सरकली. निफाडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत तिने सातवीच्या मुलांना घेतलं होतं. शिक्षकानेच पात्र होऊन मुलांमध्ये उतरायचं, ही पद्धत डोरोथी हीथकोट या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने रुजवली. त्या पद्धतीने ही द्राक्षांचा व्यापारी झाली आणि मुलं झाली बागायतदार. भाव ठरवायचा होता. एका मुलाने हात वर केला नाही की काही नाही, थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “शेठ, मागच्या साली तुमचा चेक वटला नव्हता. आधी ते बोला.” सगळा वर्ग चिडीचूप. “मॅडम, तो अभिनय करत नव्हता हो,” ती म्हणाली. “किंवा करत होता. मला कळलंच नाही.” द्राक्षपट्ट्यात व्यापारी माल नेऊन पैसे बुडवतो, हे त्या पोराने घरात ऐकलेलं होतं.

हे दुय्यम काम आहे असं तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. शिक्षणात नाटक वापरण्याची चळवळ १९६५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका नाट्यगृहातून उभी राहिली. आपल्याकडे सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत बालरंगभूमीसाठी स्वतंत्र संस्था काढली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयानेही १९८९ मध्ये शिक्षणनाट्याचं स्वतंत्र पथक सुरू केलं. मुलांबरोबर नाटक करणारा माणूस मोठ्यांच्या रंगभूमीतून खाली उतरलेला नसतो. मी हे तिला जरा जोरातच सांगितलं. समुपदेशकाने इतकं जोरात बोलू नये, पण बोलले.

एप्रिलमध्ये माल निघाल्यावर नाना आले. त्याआधी तिने मुदत चुकल्याचं घरी सांगावं, हे आमचं ठरलं होतं आणि तिने सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ते लग्नाचं काढतील. त्यांनी ते काढलंच नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “मॅडम, मी तिला नाटक सोड म्हटलंय का कधी? बागेचं कसं आहे, आता एप्रिलला खरड छाटणी करतो. लगेच माल धरत नाही आपण त्यावर. पण काडी पिकते, घड आत धरतो. मग ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी. तिथून दिवस मोजतो. कितव्या दिवशी काय, सगळं डायरीत असतं. हिचं मला काहीच मोजता येत नाही. नोकरीचं राहू द्या, मला नुसती तारीख तरी कळू द्या.”

मुलगी खाली मान घालून ऐकत होती, ती मान वर आली. ती वर्षभर ‘पुढे काय?’ म्हणजे ‘तुझ्यात काही आहे का?’ असं ऐकत होती.

मग आम्ही तिघांनी एका कागदावर तारखा लिहिल्या. विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज पंधरा दिवसांत. पहिल्या अंकाचा कच्चा खर्डा ३० जूनला. त्याआधी नानांनी नाटकाचं विचारायचं नाही; विचारायचं असेल तर ‘जेवलीस का’ विचारायचं. पैशाचं बोलायला वेगळा दिवस, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी मात्र तिनेच हिशेब मांडायचा.

पालकांनी हा हिशेब मुलांबरोबर बसून करावा, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एम.ए.नंतर नेट परीक्षा देता येते, तिथे नृत्य-नाटक-रंगभूमी असा एक विषय आहे. ती उत्तीर्ण झाली की महाविद्यालयातल्या अध्यापनाची वाट खुली होते, जागा थोड्या असल्या तरी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, प्रवेश अवघड आहे. काही खासगी शाळा नाट्यशिक्षक नेमतात. मालिकांचं लेखन, आवाज देणं, शिबिरं ही कामं असतात, पण रोजची नसतात. नुसत्या प्रयोगांच्या मानधनावर घर चालेल असं मी कुणालाही सांगत नाही. दोन-तीन कामं जोडून चालवावं लागतं. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, “म्हणजे बागेबरोबर टोमॅटो.” मग म्हणाले, “पण कुसुमाग्रजांसारखं मोठं व्हायला...” मी त्यांना वसंत कानेटकरांचं उदाहरण दिलं. त्यांनी याच नाशकात कॉलेजात प्राध्यापकी करत नाटकं लिहिली. हे नानांना माहीत नव्हतं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं.

मुदतवाढ मिळाली, पण दंड भरून. जूनमध्ये अंक पूर्ण झाला नाही. तिने ३० तारखेला स्वतःहून नानांना सांगितलं की दोन प्रवेश बाकी आहेत, ऑगस्ट उजाडेल. नाना गप्प राहिले, मग बरं म्हणाले. नाटकात आता चेकचं विचारणारा एक मुलगा आला होता. बापाला त्याची उत्तरं द्यावी लागत होती.

ऑगस्टच्या भेटीला तिने फोनमध्ये एक फोटो दाखवला. नानांची फवारणीची डायरी होती. औषधांची नावं, लिटरला किती मिली, पाऊस किती पडला, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. त्यातच मध्ये, त्याच अक्षरात एक ओळ: ‘पहिला अंक झाला. दुसरा बाकी. गोडी छाटणीच्या आत.’