पशुवैद्यकाला विचारा: उलट्या-जुलाब कुत्र्याने आणले का?

प्रश्न: रविवारी कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात भाच्याचं लग्न होतं. सोमवारी संध्याकाळी धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, रात्री मला. बुधवारी सासूबाईंना. त्या लग्नाला आल्या नव्हत्या, पण नातवाची उलटी त्यांनीच पुसली होती. डॉक्टर म्हणाले, नोरोव्हायरस असावा. गुरुवारी आमच्या शेरूलाही जुलाब लागले. लग्नातून आणलेला मसालेभात त्यालाही घातला होता. आता सासूबाईंचं म्हणणं, हे दुखणं कुत्र्यानेच आणलं, त्याला देऊन टाका. मुलगी रडून बेजार झाली आहे. काय करावं? (एक वाचक, वारजे)

उत्तर: ताई, शेरूला कुठेही पाठवू नका. तुमच्या पत्रातले वारच बघा. नोरोव्हायरस पोटात गेला की साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या सुरू होतात. म्हणजे तुमचा आणि मुलाचा हिशेब रविवारच्या पंगतीशी जुळतो. सासूबाईंना तो नातवाकडून आला असणार, कारण या रोगाच्या उलटीत आणि विष्ठेत विषाणूंचा सुकाळ असतो आणि लागण व्हायला अगदी थोडे कण पुरतात. शेरू आजारी पडला सगळ्यांच्या शेवटी. जो शेवटी आजारी पडला, त्याने आधीच्यांना दुखणं दिलं कसं?

माणसाकडून कुत्र्याकडे विषाणू जातो का, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतला आहे. फिनलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या सहवासातली माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी होती अशा ९२ कुत्र्यांची विष्ठा तपासली. चौघांत माणसाचा नोरोव्हायरस सापडला. पुढे इंग्लंडमधल्या संशोधकांना काही कुत्र्यांच्या रक्तात त्याविरुद्धच्या अँटिबॉडी आढळल्या, आणि हा विषाणू कुत्र्याच्या आतड्याला चिकटू शकतो हेही दिसलं. पण कुत्र्याकडून माणसाला नोरोव्हायरस झाल्याची एकही सिद्ध झालेली घटना नाही. पीसीआर चाचणीत विषाणूचा अंश सापडणं वेगळं आणि तो त्या शरीरात वाढून बाहेर पडणं वेगळं. कुत्र्याने जमिनीवरची उलटी चाटली तरी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

हे कोडं इतकी वर्षं का सुटलं नाही, तेही सांगते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली साथ आली; त्या गावावरून विषाणूला नाव पडलं. अमेरिकेतले विषाणुतज्ज्ञ अल्बर्ट कपिकियन यांना १९७२ साली तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पण प्रयोगशाळेत तो वाढेचना. प्रतिकारशक्तीत खोट असलेले प्रयोगशाळेतले उंदीर मरू लागले, तेव्हा २००३ साली अमेरिकेतल्याच सेंट लुइसच्या संशोधकांना उंदरांचा नोरोव्हायरस मिळाला, आणि तो लगेच काचेच्या बशीत वाढलाही. माणसाचा हट्टी निघाला. ह्यूस्टनच्या मेरी एस्टिस यांच्या गटाने मानवी आतड्याच्या मूळ पेशींपासून चिमुकली आतडी तयार केली आणि २०१६ साली त्यांत तो वाढवून दाखवला. काही प्रकारांना तर वाढायला पित्तही घालावं लागलं! जो विषाणू बशीत वाढत नाही, तो कुत्र्याच्या विष्ठेत जिवंत आहे की नाही हे पडताळणार कसं? इथेच सगळं अडलं होतं.

शेरूचं म्हणाल, तर त्याला बहुधा मसालेभातच बाधला असेल. पण त्याचं पार्व्होचं इंजेक्शन चुकलं असेल, किंवा जुलाबात रक्त दिसत असेल, तो पाणीही पीत नसेल, तर आजच्या आज दवाखान्यात न्या. कुत्र्यांचा हा पार्व्हो विषाणू माणसाला होत नाही, पण कुत्र्याला दोन-चार दिवसांत संपवू शकतो. आणि तुमच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या त्याला देऊ नका.

आता घराकडे. सॅनिटायझरवर विसंबू नका, अल्कोहोलला हा विषाणू फारसा दाद देत नाही. साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली हात धुवा. उलटी पडलेली जागा आधी कागदाने टिपून घ्या. मग पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात १०० मिलिलिटर घालून ते तिथे काही मिनिटं राहू द्या. जागा धुऊन वाळेपर्यंत शेरूला दुसऱ्या खोलीत ठेवा. हायपोक्लोराइटमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: उलट्या-जुलाब थांबल्यावर निदान दोन दिवस तुम्ही कणीक मळू नका, कोशिंबीर चिरू नका. बरं वाटू लागल्यावरही विषाणू दोन आठवडे किंवा त्याहून जास्त शरीराबाहेर पडत राहतो. आपल्याकडे घरची बाई ताप उतरला की ओट्याशी उभी राहते, आणि मग उरलेलं घर अंथरूण धरतं. मला याची खरोखर चीड येते. दोन दिवस दुसऱ्या कुणाला तरी भात-पिठलं करू द्या.

सासूबाईंना ओआरएस देत राहा. लघवी कमी झाली किंवा ग्लानी वाटली तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. वयस्कर माणसाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. कोविडच्या सुरुवातीला निव्वळ अफवेपायी लोकांनी पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडली होती, हे त्यांना जरूर सांगा.

प्रश्न: गाईंनाही नोरोव्हायरस होतो असं वाचलं. आम्ही मांजरी गावातल्या एका गोठ्यातून दूध घेतो. बंद करावं का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: दूध बंद करू नका. गाईंचा नोरोव्हायरस वेगळ्या गटातला आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली वासरांच्या हगवणीत तो प्रथम दिसला. डुकरांचे, उंदरांचे, वटवाघळांचेही आपापले आहेत, इटलीत तर सिंहाच्या छाव्यातही एक सापडला. गाईच्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी काही माणसांत मिळाल्या आहेत, पण त्याने माणूस आजारी पडल्याचं आढळलेलं नाही. दूध मात्र उकळूनच घ्या, ते ब्रुसेलोसिस (गुरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षय टाळण्यासाठी. मुलं गोठ्यावर वासरांशी खेळत असतील तर हगवण लागलेल्या वासराला हात लावू देऊ नका, लावलाच तर लगेच साबणाने धुवायला लावा. वासरांच्या हगवणीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असू शकतो आणि तो वासराकडून मुलांकडे खरोखर येतो. वासरांच्या हगवणीचे नमुने तपासण्यात माझी सारी नोकरी गेली आहे, म्हणून एवढं ठासून सांगते.