गावातल्या ऐतिहासिक वास्तूशी आपल्या घराण्याचा संबंध होता हे कसं सिद्ध करायचं?

‘गावचा घाट आपल्या पूर्वजांनी बांधला’ असं तुमचे आजोबा सांगायचे आणि आता तुम्हाला पुरावा हवाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक विचारते. पुरावा उलटा निघाला तर घरात सांगाल का? मी सांगितलं, आणि धाकटे काका माझ्या मुलीच्या लग्नाला आले नाहीत.

माझं माहेर वाईचं. तिथं दर दोन घरांआड एकाचा रास्त्यांशी संबंध असतो. गोपिकाबाई रास्त्यांच्या घरातल्या, म्हणजे नानासाहेब पेशव्यांची सासुरवाडीच आमच्या गावात. आमच्या घरी सांगत, की गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं तेव्हा त्यांचे कारभारी आमचे मूळ पुरुष होते. पुरावा काय, तर लाल फडक्यात बांधलेला मोडीतला एक कागद. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. गंधाक्षता वाहून वाहून वरची ओळ पार गेली होती. त्याला सगळे ‘सनद’ म्हणायचे, वाचता कुणालाच येत नव्हती. तेवढ्या जोरावर काकांनी दाराशी संगमरवरी पाटी लावली: पेशवेकालीन घराणे.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले. दिवाळीत माहेरी गेले तेव्हा कागद मागितला. काका म्हणाले, “तू दिल्या घरची. तुला काय करायचाय?” शेवटी काकूनं ते झोपल्यावर आणून दिला. दोन दिवस भिंग घेऊन बसले. सनद कसली, कर्जरोखा होता! बैलासाठी चाळीस रुपये घेतलेले, तारण बायकोच्या पाटल्या. आणि साल शके 1741, म्हणजे इसवी सन 1819. पेशवाई बुडून वर्ष उलटलेलं.

मला खरंच वाईट वाटलं नाही. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. पर्यटकांना ते कौतुकानं दाखवतात. पण पाणी उतरल्यावर गाळ राहतोच, त्याचं काय? माझी आजी नि आळीतल्या बायका पदर खोचून घमेल्यांनी तो काढायच्या, देवळापुढच्या घाटाची एकेक पायरी धुवायच्या. पुढं सिनेमावाल्यांनी याच घाटाचा बिहार केला, तो त्या धुतलेल्या पायऱ्यांवरच. आमच्या घराचा देवळाशी संबंध तो एवढा, आणि मला तो पुरतो. पण काकांच्या वंशावळीत आजी नाही, आत्या नाहीत, मी तर नाहीच. पाटल्या जिच्या गेल्या तिचं नाव रोख्यातही नाही, नुसतं ‘कबिला’, म्हणजे बायको.

तेव्हा वंशावळ काढणार असाल तर आधी बायकांची नावं घाला. म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, ती नावं कुठल्याच दफ्तरात मिळणार नाहीत.

बाकी तुमचं काम. घाटावर शिलालेख आहे का ते पाहा, पुष्कळदा त्याच्यावर चुना नाहीतर ऑइलपेंट फासलेला असतो. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, पण नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, ढीग आहेत तिथं. गाव, परगणा आणि अंदाजे काळ हाताशी हवा. देवस्थानाला जमीन इनाम असेल तर इंग्रजांनी इनामांचे हक्क तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या वेळचे कागद आणि तहसिलातले जुने फेरफार बघा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पिढ्यांची नावं मिळतील, घाट कुणी बांधला ते नाही. घरचा कागद मोडीतला असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. एकच वाचणारा असला की तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून वाचतो.

आता हेही सांगायला हवं, की सगळ्यांचेच कागद आमच्यासारखे निघतात असं नाही. आमच्या शेजारी मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यात खरोखरचं दफ्तर होतंच. तुमच्या आजोबांचं खरंही असेल.

मात्र कागद हाती आला की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, आणि लॅमिनेट अजिबात करू नका. आमचा कागद परत काकांच्या कपाटात गेलाय, आता तो मिळत नाही. पाटी आहे अजून.