गंधरस म्हणजे अत्तर नव्हे: सोने, ऊद आणि बोळ

प्रश्न असा आहे: नाताळच्या देखाव्यांत आणि मुलांच्या नाटुकल्यांत तीन राजे बाळ येशूला ‘सोने, ऊद व गंधरस’ देतात. एकाच्या हाती सोनेरी पेटी, दुसऱ्याच्या हाती ऊदबत्तीचा पुडा आणि तिसऱ्याच्या हाती अत्तराची कुपी असते. ऊद म्हणजे ऊदबत्तीच का? गंधरस म्हणजे अत्तर का? आणि याच तीन वस्तू का?

ऊद आणि गंधरस हे दोन्ही झाडांचे सुगंधी डिंक आहेत. वाळलेले, खड्यांच्या रूपातले, वजनावर विकले जाणारे. त्यांत काडी नाही, तेल नाही, पातळ असे काहीच नाही.

गंधरस या शब्दाने घोटाळा होतो तो त्याच्या फोडीमुळे. गंध अधिक रस म्हटले की डोळ्यांपुढे चंदन उगाळलेले पाणी किंवा अत्तर येते. पण इथला रस म्हणजे झाडाचा पाझर, चीक. शब्द बायबलच्या भाषांतरकारांनी घडवलेला नाही, जुना संस्कृत आहे. अमरकोशात ‘बोल’ आणि ‘गंधरस’ एकाच चरणात समानार्थी म्हणून दिले आहेत. आणि हा ‘बोल’ म्हणजे आपला बोळ! काष्ठौषधीच्या दुकानात ‘गंधरस द्या’ म्हटले तर दुकानदार बुचकळ्यात पडेल. ‘हिराबोळ द्या’ म्हटले की लगेच पुडी बांधील. जुन्या घरांत याच वस्तूला बाळंतबोळ म्हणत, कारण बाळंतिणीच्या औषधांत तो असायचाच. (गर्भाशयावर त्याचा परिणाम होतो, म्हणून गरोदरपणात तो घ्यायचा नसतो.) एका बाळंतिणीच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी बोळ आणला, हे वाक्य मराठी कानाला किती ओळखीचे वाटते पाहा. ‘गंधरस’ अचूक आहे, पण त्यात ही ओळख हरवते.

मागताना नुसते ‘बोळ’ म्हणू नका. ‘काळा बोळ’ ही वेगळीच वस्तू आहे: कोरफडीचा कडू चीक आटवून केलेली काळी, चकचकीत ढेप. तिचा या कथेशी संबंध नाही.

हिराबोळाचे झाड काटेरी, खुरटे. शास्त्रीय नाव कॉमिफोरा मिऱ्हा. सोमालिया, इथिओपिया, येमेन या कोरड्या पट्ट्यात ते वाढते. आपल्याकडचा गुग्गुळ याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचा, म्हणून बाजारात हिराबोळात गुग्गुळ मिसळला तर रंगावरून सहज कळत नाही. हिराबोळ जिभेवर ठेवताच कडू लागतो, आणि हा कडूपणा त्याच्या नावातच आहे: हिब्रूत ‘मोर’, अरबीत ‘मुर्र’, आणि ‘मुर्र’ म्हणजे कडू. ही भेटींची कथा ज्यात येते त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक मजकुरात मात्र ‘स्मुर्ना’ हा शब्द आहे.

आता ऊद. खरा गुंता इथे आहे, आणि तो मराठीपुरता नाही.

मत्तयाने लिहिलेला ग्रीक शब्द ‘लिबानोस’. तो सेमिटिक भाषांतून आलेला आहे; हिब्रूत ‘लेवोना’, अरबीत ‘लुबान’. तिन्हींच्या मुळाशी ‘पांढरा’ हा अर्थ आहे. ओमानमधल्या धोफार भागात बोस्वेलिया सॅक्रा या झाडाची साल जागोजागी खरवडतात. जखमेतून दुधासारखा पांढरा चीक येतो, साधारण दोन आठवड्यांत तो वाळतो आणि मग खडे खरवडून काढतात. पहिल्या खेपेचा माल हलका, पुढच्या खेपांचा चांगला. नाव त्या दुधाळ चिकावरून पडले.

मग आपला ‘लोबान’ तोच ना? शब्द तोच, वस्तू बहुधा वेगळी. सुमात्रा बेटावरून येणाऱ्या दुसऱ्याच एका डिंकाला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लुबान, म्हणत. भारतात लोबान म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा हेच असते. युरोपीय भाषांत याच नावातला ‘लु’ झडून त्याचे बेंझॉइन झाले आणि रसायनशास्त्रातल्या बेंझीनचे नाव त्यावरून आले. शाळेतल्या षट्कोनी बेंझीनचे नाव पिरांपुढच्या लोबानापर्यंत जाऊन पोचते, ही शब्दांची वाट फार सुंदर आहे.

आणि ‘ऊद’ तर मुळात डिंकच नाही. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. ज्या वाद्याला ऊद म्हणतात तेही लाकडी म्हणूनच. सुगंधाच्या व्यापारात ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. आसामकडे आणि आग्नेय आशियात वाढणाऱ्या अगरूच्या झाडाला बुरशी लागली की त्याचे लाकूड राळेने भरते, काळे आणि जड होते, तेच सुवासिक. म्हणजे ऊदबत्ती आणि अगरबत्ती ही एकाच लाकडाची दोन नावे झाली, एक अरबी आणि एक संस्कृत. मराठीत येताना ऊद हा शब्द लाकडावरून घसरून जाळायच्या डिंकावर आला, आणि बायबलच्या मराठी भाषांतरात तो लिबानोससाठी रूढ झाला. (ऊद म्हणजे पाणमांजर, हा शब्द निराळा, तो संस्कृत ‘उद्र’वरून आला.)

भाषांतरकारांना दोष देता येत नाही. धूर करून देवापुढे दरवळवायचा डिंक, एवढे ‘ऊद’ या शब्दाने मराठी वाचकाला नेमके कळते. अडचण आज होते, कारण अत्तरांच्या दुकानात ‘ऊद’ मागितला की अगरूचे महागडे तेल किंवा लाकडाचे तुकडे समोर येतात. नाताळच्या कथेतला ऊद हवा असेल तर ‘कुंदुर’ किंवा ‘ओमानी लुबान’ म्हणावे. जवळचा पर्याय देशी आहे: सालईचा डिंक. सालई, बोस्वेलिया सेराटा, ही धोफारच्या झाडाची सख्खी बहीण. विदर्भाच्या आणि खानदेशच्या कोरड्या डोंगरउतारांवर ती भरपूर दिसते. संस्कृतात ती शल्लकी.

खडे ओळखायची घरगुती रीत अशी. वाटाण्याएवढा खडा थोड्या पाण्यात चांगला घोटा. कुंदुर किंवा सालईचा डिंक असेल तर पाणी दुधाळ पांढरे होते. हिराबोळ असेल तर ते पिवळट, गढूळ होते. लोबान घोटला तर दूध होत नाही, कारण त्यात पाण्यात विरघळणारा गोंद नसतो; तो स्पिरिटमध्ये विरघळतो. निखाऱ्यावरही फरक दिसतो: कुंदुर वितळतो, हिराबोळ न वितळता फुगतो आणि बुडबुडे धरतो, लोबानाला व्हॅनिलासारखा गोड वास येतो. राळ असेल तर डोळे चुरचुरणारा काळा धूर निघतो.

तीनच वस्तू का, याचे उत्तर मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात नाही. अकराव्या ओवीत फक्त यादी आहे. सोने राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणाऱ्या माणसाला, हा परिचित अर्थ पुढच्या भाष्यकारांनी लावला. दुसऱ्या शतकाच्या शेवटी लिहिणाऱ्या आयरेनियसकडे तो स्पष्ट सापडतो. हा अर्थ वरून चिकटवलेला वाटतो, पण त्याला आधार आहे. जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाच्या साठाव्या अध्यायात शबा देशाहून उंटांवर सोने आणि ऊद येतील असे म्हटले आहे. गंधरसाचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे मत्तयाच्या यादीत तिसरी वस्तू जास्तीची आहे आणि भाष्यकारांची नजर तिथेच अडकली.

ऊद देवाचा कसा, हे जुन्या करारातल्याच लेवीय या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातल्या अन्नार्पणावरून कळते. सपीठ आणि तेल यांतली मूठभरच वेदीवर जाळायची, उरलेले याजकांचे. ऊद मात्र सगळाच्या सगळा जाळायचा. माणसाच्या वाट्याला त्यातला एकही खडा येत नाही.

गंधरसाचा मरणाशी असलेला संबंध शुभवर्तमानांतच पुढे येतो. मार्काच्या पंधराव्या अध्यायात क्रुसावर देण्यापूर्वी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ करतात आणि तो घेत नाही. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात निकदेम नावाचा यहूदी पुढारी येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण आणतो, सुमारे 100 लित्रा. रोमन लित्रा सुमारे 327 ग्रॅमचा, म्हणजे हा ढीग जवळजवळ 33 किलोंचा. इथे अगरू पुन्हा भेटतो, आणि मूळच्या ‘अलोए’साठी मराठीने ‘अगरू’ निवडले हे फार बरे झाले, कारण त्याच ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ कोरफडीचा चीक, म्हणजे मघाचा काळा बोळ, असाही होतो.

गंधरसाचा एवढा एकच अर्थ मात्र धरू नये. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या पवित्र तेलात 500 शेकेल (शेकेल हे जुने वजन) गंधरस आहे, आणि 45व्या स्तोत्रात राजाच्या लग्नाच्या वस्त्रांना त्याचाच वास येतो. अभिषेक, लग्न, औषध, दफन, सगळीकडे तो होता.

दोन छोटे मुद्दे राहतात. ‘तीन राजे’ हे मत्तयाचे शब्द नाहीत. किती जण आले हे तो सांगत नाही. तीन भेटींवरून तीन माणसे धरली गेली आणि राजेपण पुढे आले. गोव्यात 6 जानेवारीच्या सणाने ते पक्के केले आहे. रेईश मागूश या गावाच्या पोर्तुगीज नावाचा अर्थच ‘मागी राजे’. मराठी बायबलातला ‘मागी’ मागण्याशी संबंधित नाही. तो इराणी पुरोहितवर्गाचा शब्द आहे आणि आपल्याकडे ‘मग’ या रूपात फार आधी पोचला: वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्याच्या मूर्तीची प्रतिष्ठापना मगांनी करावी असे सांगितले आहे.

दुसरा मुद्दा ‘दाने’ या शब्दाचा. भाषांतरात भेटींना दाने म्हटले आहे. मराठीत दान गरजूला किंवा ब्राह्मणाला देतात. राजापुढे लवून जे ठेवतात तो नजराणा. ग्रीक ‘दोरा’ हा शब्द भेट आणि वेदीवरचे अर्पण या दोन्हींना चालतो. त्यामुळे ‘अर्पण’ हा शब्द दानापेक्षा जवळचा, आणि नाटुकल्यातल्या संवादात ‘नजराणा’ सर्वांत चपखल बसेल.

नाटुकल्यासाठी अत्तराच्या कुपीऐवजी एका वाटीत तांबूस, धुळकट हिराबोळाचे खडे आणि दुसरीत फिकट पिवळे कुंदुराचे खडे ठेवा. प्रत्येकी 50 ग्रॅम पुरतात. धूर करायचा असेल तर कोळसा पूर्ण पेटून त्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, आणि तुरीच्या दाण्याएवढे दोनतीनच खडे राखेच्या थरावर टाका. लालबुंद निखाऱ्यावर थेट टाकले तर डिंक करपतो, सुगंधाआधी जळका वास येतो आणि पहिल्या रांगेतली मुले खोकायला लागतात.