केथली २६०० मालिकेच्या, वीज पुरवून मोजणी करणाऱ्या यंत्रातून जुन्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या याद्या) काढूनही मेमरी मोकळी का होत नाही? आणि स्क्रिप्ट यंत्रात ठेवाव्यात की संगणकावर?

यंत्रातच ठेवाव्यात. आमच्या विभागात याच मुद्द्यावर दोन वर्षे वाद चालला होता, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देत आहे.

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या शेतांना लागून असलेल्या एका महाविद्यालयात मी सौरघटांची मोजणी करीत असे. यंत्राने केवळ आज्ञा पाळावी, बुद्धी संगणकातच असावी, असे आमच्या वरिष्ठ सरांचे मत होते. ‘लाइन गेली तर स्क्रिप्ट पुन्हा पाठवायची, त्यात काय?’ असे ते म्हणत. मे महिन्यातील एका रात्री मी मोजणी लावून खोलीवर गेलो आणि मध्यरात्रीनंतर अवकाळी वादळाने लाइन गेली. उन्हाने आधीच थकलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्यांनी थोड्याच वेळात दम तोडला. सकाळी येऊन पाहतो तो लाइन आलेली, यंत्र सुरू आणि आतून कोरे! त्या संध्याकाळी केलेल्या तीन दुरुस्त्या मी थेट यंत्राकडे पाठविल्या होत्या, त्यामुळे त्या संगणकावरही नव्हत्या. बफरमधील, म्हणजे यंत्र मोजमापे साठवते त्या जागेतील, रात्रभराची मोजमापेही गेली होती.

यात यंत्राचा काहीच दोष नव्हता. लोडस्क्रिप्ट आणि एंडस्क्रिप्ट या आज्ञांच्या मधला मजकूर केवळ चालू, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या, मेमरीत जातो आणि सेव्ह ही आज्ञा दिल्यावरच कायमस्वरूपी मेमरीत उतरतो. नाव न देता पाठविलेली स्क्रिप्ट तर पुढची निनावी स्क्रिप्ट येताच पुसली जाते. आमचे विद्यार्थी हीच चूक दर आठवड्याला करीत. मोजमापांचेही तसेच आहे. एनव्हीबफर (एनव्ही म्हणजे वीज गेली तरी टिकणारे) हे नाव वाचून निश्चिंत राहू नये, कारण सेव्हबफर दिल्याशिवाय त्यातील आकडे वीज गेल्यावर टिकत नाहीत.

आता आपली अडचण. डिलीट ही आज्ञा स्क्रिप्ट कायमस्वरूपी मेमरीतून काढते, परंतु तिची चालू मेमरीतील प्रत तशीच राहते. स्क्रिप्टचा नेम हा गुणधर्म रिकामा करून तिला यंत्राच्या स्क्रिप्ट-यादीतून काढावे, मग त्या नावाला निल (म्हणजे ‘काहीच नाही’) द्यावे, स्वतः तयार केलेल्या मोठ्या बफरांनाही निल द्यावे आणि मग वापरात नसलेली जागा मोकळी करणारी कलेक्टगार्बेज ही आज्ञा चालवावी. ही यंत्रे ज्या लूआ भाषेवर चालतात, ती १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मली आणि तिच्यात आधी लोकल हा शब्द न लिहिलेले प्रत्येक चल (मूल्य साठवणारे नाव) सार्वत्रिक होते. स्क्रिप्ट संपली तरी असे चल वीज जाईपर्यंत जागा अडवून बसते. मेमरी भरली की लोक स्क्रिप्टच्या संख्येला दोष देतात, पण मला बहुतेक वेळा लोकल विसरलेले मोठे तक्तेच आढळले आहेत.

त्या रात्रीनंतर मी प्रत्येक स्क्रिप्ट यंत्रात सेव्ह करू लागलो आणि यंत्राच्या पुढच्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून तिची प्रत घेऊ लागलो. सरांना हा अतिरेक वाटे. ज्या गावात लाइन केव्हा जाईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही, तेथे संगणक, केबल आणि यंत्र हे तिन्ही एकाच वेळी शुद्धीवर असतील हे गृहीत धरणे हाच खरा अतिरेक आहे, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. अर्थात मूळ प्रत संगणकावर हवीच, एवढे सरांचे म्हणणे मान्य करतो.

मात्र ऑटोएक्झेक या नावाने स्क्रिप्ट ठेवताना सांभाळावे. ती यंत्र सुरू होताच आपोआप धावते. वीज परत आल्यावर मोजणी आपोआप सुरू व्हावी म्हणून मी मोठ्या अभिमानाने तशी व्यवस्था केली होती. एका पहाटे लाइन आली, प्रयोगशाळेत कोणीही नव्हते, स्क्रिप्टने आउटपुट चालू केले आणि उलट्या दिशेने जोडून ठेवलेला एक घट जळाला. घट मुळातच सदोष होता, असे मी तेव्हा सरांना सांगितले होते.