विचारा की! : गोव्याच्या चौपट जमीन, पण माणसं गोव्याहून कमी

मागच्या अंकात आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या गटावर चार ओळी लिहिल्या, त्यात नवा ११ वा मेंबर म्हणून तिमोर लेस्तेचं नाव टाकलं, आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती रीघ. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, हा देश अचानक कुठनं उगवला? म्हणून यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला, अख्खं सदर तिमोरलाच.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. देश नक्की कुठे आहे, केवढा आहे, थोडक्यात सांगा ना. (सांगली)

बालीवरून सरळ पूर्वेकडे जात राहा, नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवरून वायव्येला सातशेएक किलोमीटर या. तिमोर नावाचं लांबुळकं बेट आहे, त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे हा देश, पश्चिमेकडचा अर्धा इंडोनेशियाचा. शिवाय अताउरो आणि जाको ही छोटी बेटं, आणि ओएकुसे नावाचा एक तुकडा जो पार तिकडे पश्चिम तिमोरमध्ये अडकलाय, तीन बाजूंना इंडोनेशिया आणि एका बाजूला समुद्र. क्षेत्रफळ साधारण १५ हजार चौरस किमी, म्हणजे गोव्याच्या चौपट, आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख ४१ हजार, गोव्यात तर २०११ लाच साडेचौदा लाख माणसं होती. राजधानी दिली (होय, हेच नाव, हसू नका). स्वातंत्र्य २० मे २००२, आसियानमध्ये प्रवेश २६ ऑक्टोबर २०२५, अर्ज केला होता २०११ मध्ये. नोटा अमेरिकन डॉलरच्या पण सुटी नाणी स्वतःची, त्यांना सेंताव्हो म्हणतात. अधिकृत भाषा तेतुम आणि पोर्तुगीज. राष्ट्रपती जुझे रामोस-होर्ता, पंतप्रधान शनाना गुसमाव, ही दोन नावं पुढे परत येतील. एवढं पाठ केलंत तर दोनेक मार्क कुठे जात नाहीत.

प्रश्न : माझे आजोबा म्हणायचे की तिमोरचा कारभार आपल्या गोव्यातून चालायचा. घरात कोणी विश्वास ठेवत नाही. (मडगाव)

आजोबा बरोबर होते, घरच्यांना हा अंक दाखवा. पोर्तुगीज तिकडे गेले ते चंदनासाठी, १६ व्या शतकाच्या सुरुवातीला. तिमोरच्या डोंगरात पांढरं चंदन होतं आणि चीनमध्ये त्याला भाव होता. पूर्वेकडचा सगळा पोर्तुगीज पसारा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली, त्यामुळे १७०२ मध्ये तिमोरला गव्हर्नर नेमून पाठवला तोही गोव्याहूनच. तो उतरला लिफावला, म्हणजे आजच्या ओएकुसेत, तीच पहिली राजधानी, दिली झाली ती १७६९ मध्ये. १८४४ ला तिमोर गोव्याकडून काढून मकावला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज वसाहतीला जोडलं, नंतर परत थोडी अदलाबदल झाली. पोर्तुगिजांना कोणी नकोसं झालं की त्याला धाडायची जागा म्हणूनही तिमोर वापरलं जायचं, सत्तरी तालुक्यातल्या राणे मंडळींच्या बंडानंतर काही जणांना तिकडे हद्दपार केल्याचं गोव्याच्या इतिहासात येतं. त्या काळी जहाजाने तिथे जायचं म्हणजे घरच्यांनी आशा सोडायचीच.

आणि बेटाचे दोन तुकडे का, तेही इथेच सांगतो. पश्चिमेला कुपांगमध्ये डच बसले होते, पूर्वेला पोर्तुगीज, दोघांनी १८५९ मध्ये तह करून बेट वाटून घेतलं आणि उरलेलं भांडण १९१४ च्या लवादापर्यंत चाललं. तिथल्या राजांना कोणी विचारलं नाही. पुढचं सगळं रामायण या रेषेमुळे झालं.

प्रश्न : १९६१ ला भारताने गोवा घेतला त्याला आपण मुक्ती म्हणतो. १९७५ ला इंडोनेशियाने तिमोर घेतलं त्याला जग आक्रमण म्हणतं. हा दुजाभाव नाही का? (पणजी)

प्रश्न झोंबणारा आहे आणि टाळणार नाही. इंडोनेशियाने त्या वेळी गोव्याचं उदाहरण दिलंही होतं, आणि डिसेंबर १९७५ मध्ये युनोच्या आमसभेत इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला तेव्हा विरोधात मत देणाऱ्या मोजक्या देशांत आपला भारतही होता. हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

पण घडलं काय ते बघा. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्येच हुकूमशाही कोसळली, वसाहती सोडायचं ठरलं, तिमोरमध्ये पक्ष निघाले, आपापसात लढलेसुद्धा, त्यात फ्रेतिलिन हा पक्ष वरचढ ठरला आणि त्याने २८ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचे पॅराट्रूपर दिलीत उतरले. पुढच्या वर्षी निवडून निवडून गोळा केलेल्या माणसांची एक सभा भरवली, त्यांच्याकडून विलीनीकरणाचा अर्ज लिहून घेतला, की झाला २७ वा प्रांत. नंतरच्या सत्यशोधन आयोगाने हिशोब केला त्यात या चोवीस वर्षांत संघर्षामुळे किमान १ लाख २ हजार ८०० माणसं गेली, त्यातली बहुतेक गोळीने नाही तर उपासमारीने आणि रोगाने, कारण लोकांना डोंगरातनं हाकलून छावण्यांत कोंबलं होतं. आणि मूळ लोकसंख्या होती जेमतेम साडेसहा लाख!

गोव्यात असलं काही झालं नाही. १९६३ ला निवडणूक झाली, आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल, महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं. आपल्याकडे कितीतरी लोकांना तो निकाल कडू लागला, भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे आणि कौलाच्या आदल्या महिन्यात राजीनामा देईपर्यंत तेच मुख्यमंत्री, तरी गोवेकर नको म्हणाले आणि ते मान्य झालं. माझ्या मते फरक हाच. तिमोरच्या लोकांना विचारायला ३० ऑगस्ट १९९९ उजाडावा लागला, तेही १९९१ मध्ये दिलीतल्या सांताक्रूझ स्मशानात सैन्याने मिरवणुकीवर गोळीबार केला त्याचं चोरून केलेलं शूटिंग जगाने बघितल्यावर, १९९६ मध्ये तिमोरचेच बिशप बेलो आणि रामोस-होर्ता यांना शांततेचं नोबेल मिळाल्यावर, आणि जाकार्तात इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो पडल्यावर. धमक्या चालू असताना ९८ टक्के मतदान झालं आणि ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. निकालानंतर इंडोनेशियाच्या बाजूच्या टोळ्यांनी दिली जाळली, मग ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने फौज आली, मग युनोचा कारभार, मग २००२. शनाना गुसमाव १९९२ पासून इंडोनेशियाच्या कैदेत होते, ते पहिले राष्ट्रपती झाले.

आज या दोन देशांचे संबंध चांगले आहेत, अगदी चांगले. तिमोरमधली कितीतरी पोरं इंडोनेशियात शिकतात. मला हे सगळ्यात जास्त थक्क करतं.

प्रश्न : सगळा देश कॅथलिक म्हणे. पोर्तुगिजांनी बाटवला का? (डोंबिवली)

इथेच गंमत आहे. पोर्तुगीज चारशे वर्षं होते तरी १९७५ मध्ये कॅथलिक लोक तिसऱ्या हिश्श्याइतकेही नव्हते, आज ९७ टक्क्यांच्या आसपास आहेत. वाढले ते इंडोनेशियाच्या राजवटीत. एक तर तिथे सरकारमान्य धर्मांपैकी एक लावायलाच लागायचा, आणि दुसरं म्हणजे चर्चने पोर्तुगीज सोडून तेतुममध्ये प्रार्थना सुरू केली, आणि जीव वाचवायला पळायची जागाही तीच राहिली. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आले तेव्हा मिस्साला, म्हणजे चर्चच्या सामूहिक प्रार्थनेला, सुमारे सहा लाख लोक होते, म्हणजे देशातला जवळपास दर दुसरा माणूस. तरी गावागावात पूर्वजांचं पवित्र घर, उमा लुलिक, उभं आहेच, त्याला कोणी हात लावत नाही.

प्रश्न : तिमोरच्या कॉफीचं नाव ऐकलंय, आपल्याकडे मिळते का? (बेळगाव)

कदाचित रोज पीत असाल! कॉफीवर तांबेरा पडतो, त्याने १९ व्या शतकात श्रीलंकेतले मळे साफ झाले. १९२० च्या दशकात तिमोरमध्ये एक झाड सापडलं, अरेबिका आणि रोबस्टाचा आपसूक झालेला संकर, आणि त्याला तांबेरा लागत नव्हता. जगभरच्या संशोधकांनी ते उचललं. कर्नाटकातल्या मळ्यांत चंद्रगिरी नावाचा वाण लावतात ना, त्याच्या वंशात हेच तिमोरचं झाड आहे. तिमोरमध्ये स्वतः कॉफी पिकते ती मुख्यतः एर्मेराच्या डोंगरात, सावलीखाली, खतं-औषधं जवळपास नाहीतच, कारण परवडत नाहीत.

प्रश्न : मासे मिळतात का? नाहीतर देश कसा का असेना! (रत्नागिरी)

मिळतात, आणि तुमची सुरमईसुद्धा मिळते. तिला चिंच लावून, तुळशीच्या जातीचा पाला घालून भाजतात, इकान साबुको म्हणतात. नारळाच्या झावळीत गुंडाळून शिजवलेला भात असतो, कातुपा. शाकाहारी लोकांनी बातार दा'आन मागावं, मका, मूग आणि भोपळा एकत्र शिजवलेला. तिखट आय-मानास वेगळं मिळतं, जपून.

प्रश्न : समुद्रात तेल-वायू असून देश गरीब का? (ठाणे)

तेलाचा पैसा आला, त्यांनी २००५ मध्ये शहाण्यासारखा निधी काढून त्यात ठेवलाही, अब्जावधी डॉलर आहेत. पण सरकारचा बहुतेक खर्च त्यातूनच चालतो, बाहेर विकायला कॉफी सोडून फार काही नाही, आणि मोठं क्षेत्र बायू-उंदान तर आटलंच. पुढचं क्षेत्र ग्रेटर सनराइज, त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियाशी सागरी हद्दीचा करार २०१८ मध्ये झाला, पण पाइपलाइन तिमोरला आणायची की डार्विनला यावरच गाडी अडलीय. आणि इकडे पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आहे. अशात खासदारांना नव्या गाड्या घ्यायचं निघालं, तर सप्टेंबर २०२५ मध्ये कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली आणि संसदेला ते मागे घ्यावं लागलं. मलेरिया मात्र त्यांनी संपवला, २०२५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने तसं सर्टिफिकेट दिलं, हे छोटं काम नाही.

प्रश्न : फिरायला जावं का? बालीचा कंटाळा आलाय. (पुणे)

जा, पण बालीसारखी सोय शोधू नका. विमान साधारणपणे बाली, सिंगापूर किंवा डार्विनवरून, व्हिसाचे ताजे नियम निघण्याआधी बघा. मे ते नोव्हेंबर कोरडा काळ. स्नॉर्कलिंगला अताउरो, तिथले प्रवाळ जगात नावाजलेले. चढायला तातामाइलाव, २,९६३ मीटर, पहाटे निघायचं. दिलीत जुन्या तुरुंगात इंडोनेशियाच्या काळातल्या अत्याचारांची माहिती देणारं शेगा संग्रहालय आहे ते चुकवू नका. रस्ते वेळखाऊ, शंभर किलोमीटरला अर्धा दिवस धरून चाला. आणि मगरी! तिथल्या गोष्टीत अख्खं बेट म्हणजे एका मगरीचं शरीर, लोक तिला आजोबा म्हणतात आणि मारत नाहीत, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, तो नको म्हणाला तर नकोच.