आरशावर नक्षी करताय? बिनलेबलचं ‘कडक लिक्विड’ आणू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. हॉलच्या आरशाला कोयऱ्यांची किनार करायला घेतलीत, एचिंग क्रीमने, म्हणजे काच खाऊन खरखरीत करणाऱ्या क्रीमने, ती ढगाळ, डागाडागांची उमटली, आणि आता दुकानदार म्हणतोय, “कडक लिक्विड देतो, दोन मिनिटांत काम.” ते लिक्विड घरात आणू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच ऐका.

क्रीम कमजोर आहे म्हणून डाग पडत नाहीत. थर पातळ बसला किंवा काचेवर बोटांचं तेल राहिलं की काच सगळीकडे सारखी खाल्ली जात नाही. क्रीम जाड थापायचं, ब्रशने पुन्हापुन्हा ओढत बसायचं नाही. थंडीत त्यात खडे झाले असतील तर बंद डबी गरम पाण्यात ठेवून विरघळवा. आणि धुताना घाबरू नका. ओल्या काचेवर नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते, कारण खरखरीत खाचांमध्ये पाणी भरतं आणि काच पुन्हा नितळ दिसते. बरेच जण इथेच “उमटलंच नाही” म्हणून दुसरा हात मारतात. कोरडी पुसा आणि मग ठरवा. मोठा भरीव भाग मात्र क्रीमने एकसारखा येत नाही, असं माझं मत. त्यासाठी सरळ सँडब्लास्टिंगवाल्याकडे, म्हणजे वाळूच्या माऱ्याने काच खरखरीत करून देणाऱ्याकडे जावं. स्टेन्सिल, व्हिनाइल वगैरे तुम्हाला जमतंय असं फोटोवरून दिसतंय, त्यावर लिहीत नाही.

आता त्या बाटलीबद्दल. मलाही असंच ‘प्रोफेशनल’ लिक्विड विकलं होतं. पांढरी प्लास्टिकची बाटली, लेबल नाही, बिलावर फक्त ‘केमिकल’. काम झालं तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही. रात्री उजव्या तर्जनीच्या नखाखाली ठणका सुरू झाला. वरून कातडी जेमतेम लालसर, आत मात्र हाड कोणी पिळतंय अशी कळ. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ॲसिड कुठलं?” दुकानात फोन केला तर म्हणे, “ते आमचं सिक्रेट आहे. काही होत नाही, हळद लावा.” मालक फोनवर आले नाहीत. सप्लायरचा नंबर मागितला, तोही दिला नाही. सेफ्टी डेटा शीट म्हणजे रसायनातले घटक आणि धोके सांगणारा कागद, तो काय असतो हेच त्या माणसाला माहीत नव्हतं. ते काच खाणारं लिक्विड आहे एवढ्यावरून डॉक्टरांनी ओळखलं, पण त्यात बरेच तास गेले. नख गेलं आणि त्या बोटाच्या टोकाला आजही नीट स्पर्श कळत नाही. राग दुखण्याचा नाही. एक शब्द सांगायला त्या माणसाचं काय जात होतं, याचा राग आजही येतो.

डॉक्टरांना ओळखता आलं, कारण काच सल्फ्युरिक किंवा नायट्रिक ॲसिडला दाद देत नाही, तिला खातं ते फ्लोराइड. क्रीममध्येही साधारण अमोनियम बायफ्लोराइडसारखे क्षार असतात, तेही निरुपद्रवी नाहीत. ‘कडक’ म्हणजे बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड. फ्लोराइड कातडीतून आत उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. 20 टक्क्यांहून कमी तीव्रतेचं असेल तर कळ यायला 24 तासही लागू शकतात, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. यावर भरपूर पाण्याने धुणं आणि 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, हा उपचार ठरलेला आहे. पण रसायनाचं नाव कळलं तरच तो वेळेत सुरू होतो. मी डॉक्टर नाही आणि केमिस्टही नाही. काही लागलंच तर ‘बघू सकाळी’ म्हणू नका, डबी बरोबर घेऊन हॉस्पिटल गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास चालू असतं, डॉक्टर तिथे विचारू शकतात.

2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं. तरी बाटल्या अशा बिनलेबलच्या खपतातच. माझा नियम सोपा आहे: घटक छापलेले नसतील तर दुकानातून बाहेर पडायचं. दुकानदार कितीही ओळखीचा असो.

जाताजाता दोन गोष्टी. आरशाच्या कडेला क्रीम ओघळू देऊ नका, मागच्या चांदीत शिरलं की काळी कड धरते. आणि पुढून एच केलेल्या नक्षीची मागच्या चांदीत सावली पडते, आरसा जाड असेल तर ती जास्त दिसते. काहींना ती आवडते, मला बारीक नक्षीत नको वाटते.

तुमच्या डागाळलेल्या कोयऱ्या टाकाऊ नाहीत. डायमंड बिट लावलेल्या छोट्या रोटरी मशीनने त्यात बारीक ठिपके भरा, डाग त्यात मिसळून जातील. काच ओली ठेवा आणि मास्क लावा, काचेची धूळ छातीला वाईट. मशीन नसेल तर कोयरीच्या आकारात फ्रॉस्टेड फिल्म कापून वर चिकटवा, हॉलच्या आरशावर फरक कळत नाही. ती बाटली आधीच आणली असेल तर उघडू नका, मोरीत ओतू नका, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि आजच दुकानात परत द्या.